रझांचा बिंदू

सय्यद हैदर रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मले. वडील जंगल खात्यात. चित्रकला ते आधी नागपुरात शिकले, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली, रझा गेले नाहीत. १९५० मध्ये पॅरिस गाठलं, पण नागरिकत्व भारताचंच ठेवलं. पुढे त्यांच्या अमूर्त चित्रांत काळा बिंदू आला. मुसलमानाच्या हातून बिंदू? काहींना तो आपल्या धर्मापासूनची फारकत वाटतो, काहींना नुसती सजावट. मला त्यात लहानपणीच्या शाळेची भिंत दिसते. या चंचल पोराचं चित्त लागावं म्हणून मास्तरांनी तिच्यावर ठिपका काढला होता. २०१६ मध्ये रझांचा दफनविधी त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात झाला, वडिलांच्या कबरीशेजारी.