हैदराबाद दरबारातील एक आंतरवंशीय विवाह : प्रेम आणि राजकारण

प्रस्तावना : आष्टीसह आजचा जालना जिल्हा इ.स. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात समाविष्ट होता. या संस्थानाचा इतिहास बहुधा तह व लढायांच्या अंगाने लिहिला जातो. त्यातील एका विवाहाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट जेम्स ॲकिलीस कर्कपॅट्रिक याने १७९८ व १८०० चे तह घडवून आणले आणि निजामास कंपनीच्या तैनाती फौजेशी बांधले. याच सुमारास त्याने दरबारातील उमराव घराण्यातील खैर-उन-निसा हिच्याशी इस्लामी पद्धतीने विवाह केला. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी या संबंधाची चौकशी करविली. कर्कपॅट्रिकचे पद मात्र टिकले.

या विवाहाची खरी किंमत पुढील पिढीने मोजली. भारतीय मातेच्या मुलांना कंपनीच्या सेवेची दारे १७९१ मध्येच बंद झाली होती. १८०५ मध्ये साहिब आलम व नूर-उन-निसा ही भावंडे इंग्लंडला पाठविली गेली आणि तेथे विल्यम व कॅथरीन झाली. त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात निवर्तला. खैर-उन-निसा १८१३ मध्ये मुलांची पुनर्भेट न होताच मृत्यू पावली. अनेक दशकांनी कॅथरीनने हैदराबादेतील आजीशी पत्रव्यवहार जुळविला.

समारोप : सत्तेने हा विवाह मोडला नाही, मुलांचे नाव, भाषा व धर्म बदलून त्याचा वारसा मात्र पुसला. वंशभेदाचे राजकारण तहनाम्यांपेक्षा अशा कुटुंबांच्या इतिहासातच अधिक स्पष्ट दिसते.