पावडरची कॉफी

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला होते. सकाळी कॉफी करायला गेले तर ओट्यावर पांढऱ्या पावडरचा डबा. क्रीमर म्हणे. चष्मा लावून डबा वाचायला घेतला (शिक्षकी पेशाची खोड, हाती लागेल ते वाचायचं). पुढे ठळक अक्षरात 'नॉन-डेअरी', म्हणजे दुधाविना. मागे बारीक अक्षरात मक्याच्या साखरेचा पाक वाळवून केलेली भुकटी, वनस्पती तेल आणि सोडियम केसिनेट, कंसात 'दुधापासून बनवलेले'. आता दुधाविना की दुधापासून? नातीला विचारलं तर ती म्हणाली, "आजी, इट्स जस्ट क्रीमर!"

ह्या पावडरीचे पूर्वज शोधायला बसले आणि मला माझी गिरगावातली आत्या आठवली. पण आधी पूर्वज.

दूध नासतं, ही ह्या सगळ्या गोष्टीची सुरुवात. अमेरिकेत गेल बॉर्डन नावाच्या गृहस्थाने निर्वात भांड्यात, म्हणजे कमी उष्णतेवर, दूध आटवायची रीत काढली आणि १८५६ साली तिचं पेटंट मिळवलं. पुढे १८६१ मध्ये त्यांचं यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या सैन्याने त्याचे डबे मोठ्या प्रमाणावर घेतले, आणि डब्यातलं गोड दूध घरोघर पोचलं. दूध आटवायचं आणि साखरेने राखायचं. आपल्या बासुंदीवाल्यांना ह्यात नवल वाटायचं कारण नाही, पण ते बंद डब्यात महिनोन् महिने टिकवणं हे नवल होतंच.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९५२ च्या सुमारास, तिथे 'प्रीम' नावाची साय वाळवून केलेली पावडर आली. ती कॉफीत नीट विरघळेना. मग दुधातली स्निग्धताच काढून तिच्या जागी वनस्पती तेल घालायची युक्ती निघाली, आणि १९६१ मध्ये कार्नेशन कंपनीने 'कॉफी-मेट' आणलं. दुधातलं केसिन हे प्रथिन मात्र त्यांना सोडता आलं नाही. तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवायचं काम ते करतं. म्हणून पुढे 'दुधाविना' आणि मागे 'दुधापासून'. ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी डब्याची मागची बाजू वाचावी, हे कळकळीने सांगते.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे पावडर आली ती दुधाच्या टंचाईतून. म्हशी हिवाळ्यात भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात आटतात. हिवाळ्यातलं जादा दूध उन्हाळ्यापर्यंत पोचवायचं कसं? म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत. आणंदच्या एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. तिथल्या पावडरच्या कारखान्याचं उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी केलं. कुरियन यांचं नाव सर्वांना ठाऊक असतं, दलायांचं फारसं कुणाला नाही. असो.

आत्याची गोष्ट १९६० नंतरच्या दशकातली. चाळीत आरेच्या दुधाचं कार्ड असे, त्यावर ठरलेल्या बाटल्या मिळत. पाहुणे आले की दूध पुरायचं नाही. आत्या पावडर कोमट पाण्यात मोडून घ्यायची, जायफळ किसून घालायची आणि कॉफी द्यायची. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, भलती शहाणी. आईच्या कानात पुटपुटले, "पावडरची आहे." आत्याने ऐकलं. बोलली काही नाही. पण नंतर गेलो की माझ्या कपात बाटलीचं दूध असे आणि तिच्या स्वतःच्या कपात पावडरचं. हे माझ्या लक्षात यायलाही दोन-तीन खेपा गेल्या.

पुढे नववीला शिकवण्यासाठी दुग्धविकासाचं वाचत होते. आरे वसाहत १९४९ साली उभी करणारे दारा खुरोडी. 'टोन्ड' दुधाची कल्पना त्यांचीच, १९४६ ची. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि मलईविरहित दुधाची पावडर मिसळायची, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतात आणि भावही उतरतो. आत्याचं कार्ड टोन्डचं होतं. म्हणजे माझ्या त्या 'खऱ्या' दुधातही पावडर होतीच! १९७० च्या दूध महापुराच्या योजनेतही युरोपातून दान आलेली पावडर शहरांतल्या डेअऱ्यांत दूध करून विकली आणि तो पैसा दूध वाढवायला वापरला. हे मला कळलं तेव्हा आत्या नव्हती.

माझं मत आहे की ह्या दोन पावडरी एकाच डब्यात मोजू नयेत. एक दूध पुरवण्यासाठी झाली, दुसरी दूध टाळण्यासाठी. ह्या दुसरीत पूर्वी अर्धवट घट्ट केलेली तेलंही असत. अमेरिकेच्या अन्नखात्याने २०१५ साली ती सुरक्षित नाहीत असं ठरवलं.

मग मी लेकीकडेच क्रीमर केलं. एक लिटर सायीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवून निम्म्याहून कमी केलं. सारखं ढवळायचं, नाहीतर बुडाला लागतं. त्यात दीडशे ग्रॅम साखर आणि अगदी चिमूटभर खायचा सोडा. कॉफी आंबट असते, उकळत्या कॉफीत दूध फाटू शकतं, ते सोड्याने आवरतं. डब्यातल्या पावडरीत हेच काम फॉस्फेटचे क्षार करतात. गार झाल्यावर गाळून त्यात कपभर उकळून गार केलेलं दूध, आणि वर जायफळ. फ्रिजात आठवडाभर राहतं.

जावई चमच्याने चाखून म्हणाले, "आई, ही तर बासुंदी!" नातीने दुधाविनाचा डबा मागे सारला. बाटली तीन दिवसांत संपली.

आत्याच्या त्या पावडरच्या डब्यात पुढे मोहरी असायची. निळसर होता, झाकणाला पोचा. चाळीतली खोली सोडताना तो कुणी नेला, कुणाला आठवत असेल तर मला जरूर कळवा.