शिर्डीची गच्चीवरची चूल

साईबाबांची हंडी लाकडावर शिजे. हेमाडपंतांनी ‘श्रीसाईसच्चरिता’त दोन हंड्यांचं माप दिलं आहे: धाकटीत पन्नास माणसांचं अन्न, थोरलीत शंभरांचं. १९१८ साली बाबांनी देह ठेवला, पण पंगत वाढतच राहिली. ती हजारांत गेली, आणि प्रसादालयाच्या स्वयंपाकघरात वाफेचे बॉयलर आणि गॅस आले. गॅस सोयीचा खरा. पण देशाला लागणारा निम्म्याहून अधिक एलपीजी जहाजानं परदेशातून येतो. चूल आपली, कळ दुसऱ्याच्या हाती.

यावर शिर्डीनं गच्चीवर उन्हाची चूल मांडली. तिचं मूळ केनियात आहे. वोल्फगांग शेफलर यांनी १९८६ साली उत्तर केनियातल्या एका मिशन केंद्रात ऊन एकवटणारी पहिली आरशांची तबकडी उभी केली. साध्या सूर्यचुलीत रांधणाऱ्याला उन्हात उभं राहावं लागतं, कारण सूर्य सरकला की चूलही फिरवावी लागते. शेफलर यांनी तबकडी पृथ्वीच्या आसाला समांतर आसावर फिरती ठेवली आणि ऋतूप्रमाणे तिचा बाक बदलता येईल अशी सोय केली. त्यामुळे दिवसभर किरण एकाच जागी पडतात. आरसा उन्हात, रांधणारा सावलीत! गावच्या वर्कशॉपमध्ये जोडता यावी, इतकी तिची बांधणी सोपी होती.

गुजरातेत वलसाडला गाढिया कंपनीनं अशा तबकड्यांच्या रांगा वाफेच्या नळाला जोडल्या. शिर्डीत आधी ४० तबकड्या बसल्या, तीन हजार माणसांच्या जेवणापुरत्या. जुलै २००९ मध्ये नव्या प्रसादालयाच्या गच्चीवर १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या सुरू झाल्या. रोज ३,५०० किलो वाफ मिळेल आणि वर्षाला सुमारे १ लाख किलो गॅस वाचेल, असा हिशेब होता. म्हणजे १९ किलोच्या सव्वापाच हजार टाक्या.

कळ दुसऱ्याच्या हाती असली की काय होतं, ते त्याच वर्षी जानेवारीत युरोपनं पाहिलं: युक्रेनमार्गे येणारा रशियन गॅस जवळजवळ दोन आठवडे बंद पडला होता आणि ऐन थंडीत बल्गेरिया, स्लोव्हाकिया गारठले होते. पुढे त्याच २००९ साली युरोपीय संघानं कायदाच केला: गॅसवाहिन्यांचा दहा वर्षांचा आराखडा दर दोन वर्षांनी नव्यानं मांडायचा. एकाच वाटेवर विसंबू नये, हा धडा त्यांना महाग पडला.

शिर्डीत तोच धडा नळजोडणीत दिसतो. रात्री आणि पावसाळ्यात ऊन नसतं. म्हणून तबकड्यांची वाफ बॉयलरच्याच नळांत सोडली आणि बॉयलर जागेवर ठेवला.