मागच्या चाकांमधला पांढरा गोल

ट्रकच्या मागच्या चाकांमध्ये जो लोखंडी गोळा दिसतो, तो डिफरन्शियल. त्याच्या झाकणाला कोणता रंग द्यायचा? चिखलातच राहणारी वस्तू, म्हणून काळा फासला तरी चालतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने मात्र पांढरा निवडला.

सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट लागू झाला. शत्रूच्या विमानांना दिसू नयेत म्हणून लष्करी ताफे रात्री जवळजवळ अंधारात चालत. मागे ठळक दिवा लावला तर वरून दिसणार. न लावला तर मागचा ट्रक येऊन आदळणार. तोडगा गाडीच्या पोटाखाली निघाला. तिथे एक छोटा दिवा बसवला, त्याचा उजेड फक्त पांढऱ्या झाकणावर पडायचा. वरून ट्रकचाच आडोसा. मागचा ड्रायव्हर त्या गोलावर नजर ठेवून अंतर राखायचा.

पांढराच का? मंद उजेडात लाल रंग काळपट दिसतो. पांढरा मिळालेला बहुतेक उजेड परत देतो. पण त्यावर चिखल बसला की सगळं व्यर्थ. म्हणून मला रंगाइतकंच मोल वाटतं ते निघण्याआधी तिथे फडकं मारणाऱ्या हाताचं.

हा गोल लष्करी ट्रकांवर आजही दिसतो. पुढे असा ट्रक आला, तर आधी अंतर ठेवा, मग खाली बघा.