केबिन क्रूझर नौकेचे पुनरुज्जीवन

केबिन क्रूझर म्हणजे निजण्याची सोय, लहान स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली, इंजिनावर चालणारी सहलीची नौका होय. तिची लांबी साधारणपणे ७.५ ते १४ मीटर असते. वापरातून गेलेली अशी नौका वर्षानुवर्षे किनाऱ्यावर किंवा गोदीत पडून राहिली, की तिचे लाकूड, धातू, इंजिन व विद्युतयंत्रणा ही सर्व निरनिराळ्या गतीने निकामी होऊ लागतात. तिची तपासणी करणे, खराब भाग बदलणे, मूळ भागांपैकी शक्य तितके राखणे आणि तिला पुन्हा सुरक्षितपणे पाण्यात उतरवणे या सर्व कामास नौकेचे पुनरुज्जीवन असे म्हणतात. बाहेरून देखणी दिसणारी नौका आतून कुजलेली असू शकते. त्यामुळे या कामात तळ, सांगाडा आणि इंधनयंत्रणा यांना अग्रक्रम असतो आणि रंग-वार्निश सर्वांत शेवटी येते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी पेट्रोलवर चालणारी लहान इंजिने भरवशाची झाली. त्यानंतर अमेरिका व युरोपमध्ये नद्या, सरोवरे आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रात सहलीसाठी मोटारनौका वापरण्याची प्रथा वाढली. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील अल्गोनॅक येथे ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ यांनी सुरू केलेल्या नौकाबांधणीतून पुढे 'क्रिस-क्राफ्ट' ही कंपनी उदयास आली. एकाच नमुन्याच्या अनेक नौका बांधण्याची पद्धत या कंपनीने रूढ केल्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबांनाही अशी नौका घेणे शक्य झाले. या काळातील नौकांची बाहेरची फळी बहुधा महोगनीची आणि आतील फासळ्या ओक किंवा महोगनीच्या असत.

१९५० नंतर काचतंतू व राळ यांच्या मिश्रणातून, म्हणजे फायबरग्लासमधून, नौका बनू लागल्या. १९६० च्या दशकात हा पदार्थ सर्वत्र पसरला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी मोठ्या कारखान्यांतील लाकडी केबिन क्रूझरचे उत्पादन जवळजवळ थांबले. त्यामुळे आज पुनरुज्जीवनासाठी येणाऱ्या नौकांचे दोन ठळक वर्ग पडतात: १९७० पूर्वीच्या लाकडी नौका आणि त्यानंतरच्या फायबरग्लासच्या नौका. दोहोंचे आजार वेगळे आणि उपचारही वेगळे असतात.

खराबीची कारणे

लाकडी नौकेला समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या पाण्यापासून अधिक धोका असतो. लाकूड कुजवणारी बुरशी वाढण्यासाठी ओलावा, हवा व उबदारपणा लागतो. लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असेल तर ही बुरशी सहसा वाढत नाही. खारे पाणी तिच्या वाढीस प्रतिकूल असते. गोडे पाणी मात्र तिला पोषक ठरते. डेकच्या फटीतून किंवा खिडकीच्या चौकटीतून झिरपलेले पावसाचे पाणी कोपऱ्यात साचून राहते आणि तेथूनच कुजण्यास सुरुवात होते. म्हणून अनेक नौकांचा पाण्याखालचा भाग शाबूत आणि डेकखालचा भाग मऊ पडलेला आढळतो.

जमिनीवर ठेवण्याची चुकीची पद्धत हे दुसरे कारण होय. पाण्यात असताना नौकेचे वजन तिच्या संपूर्ण तळावर सारखे विभागले जाते. जमिनीवर ते वजन तळाच्या मध्यातून जाणाऱ्या कण्याने पेलावे लागते. (जहाजबांधणीच्या जुन्या मराठी परिभाषेत या कण्यास 'पठाण' म्हणतात.) बाजूंचे टेकू केवळ तोल राखण्यासाठी असतात. कण्याखाली पुरेसे आधार नसतील तर दोन्ही टोके खाली झुकून नौकेचा आकारच बदलतो. असा वाकलेला सांगाडा सरळ करणे हे पुनरुज्जीवनातील सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे.

तपासणी

खरेदीपूर्वी किंवा काम सुरू करण्यापूर्वी अनुभवी सर्वेक्षकाकडून नौकेची तपासणी करून घेतली जाते. लाकडात टोकदार आरी टोचून पाहणे ही जुनी व अजूनही उपयुक्त पद्धत आहे. निरोगी लाकडात आरी अडते, कुजलेल्या लाकडात सहज शिरते. फायबरग्लासच्या डेकवर लहान हातोडीने हलके ठोके दिले जातात. खणखणीत आवाज आला तर थर एकसंध असतात. बद आवाज आला तर आतील लाकूड भिजले आहे किंवा थर सुटले आहेत असे समजतात.

धातूच्या भागांची तपासणी तितकीच महत्त्वाची असते. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू विरघळते आणि मागे गुलाबीसर रंगाचे ठिसूळ तांबे उरते. तळाला पाणी आत घेण्यासाठी बसवलेले झडपेचे भाग असे झालेले असतील तर ते किरकोळ धक्क्याने तुटून नौका बुडू शकते. म्हणून अशा जागी कांस्याचे भाग बसवतात. फळ्या फासळ्यांना जोडणारे काही स्क्रू काढून पाहिले जातात. त्यांचा मधला भाग झिजून सुईसारखा झाला असेल तर संपूर्ण तळाचे स्क्रू बदलावे लागतात.

लाकडी सांगाड्याची दुरुस्ती

खराब फळ्या एकदम सर्व न काढता टप्प्याटप्प्याने काढल्या जातात, कारण फळ्या हेच नौकेचा आकार धरून ठेवणारे बंधन असते. एका बाजूच्या दोन-तीन फळ्या काढून आतील फासळ्या दुरुस्त करायच्या, नव्या फळ्या बसवायच्या आणि मगच पुढे जायचे, असा क्रम असतो. काढलेली जुनी फळी मोडकी असली तरी टाकून देत नाहीत. नवी फळी कापण्यासाठी तीच नमुना म्हणून वापरली जाते.

मोडलेल्या फासळ्यांसाठी ओकच्या पट्ट्या वाफेच्या पेटीत ठेवतात. लाकडाच्या प्रत्येक २५ मिलिमीटर जाडीला सुमारे एक तास वाफ द्यावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. पेटीतून काढल्यावर लाकूड अगदी थोडा वेळ लवचिक राहते. तेवढ्यात ते जागेवर नेऊन वाकवणे व पकडीत घट्ट करणे यासाठी किमान दोन-तीन माणसांचा सराव लागतो.

पारंपरिक बांधणीत फळ्यांमधील सांध्यांत कापसाची वळी ठोकून भरतात व त्यावर लांबी लावतात. नौका पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगते आणि सांधे आपोआप बंद होतात. कापूस फार घट्ट ठोकला तर फुगलेल्या फळ्या फासळ्यांवर ताण आणून स्क्रू उपटू शकतात. सांधणीत अति बळ हे अपुऱ्या बळाइतकेच हानिकारक ठरते, ते यामुळेच.

गळती थांबवण्यासाठी जुन्या लाकडी तळावर बाहेरून फायबरग्लासचा थर चढवणे हा सोपा वाटणारा उपाय पूर्वी अनेकांनी केला. लाकूड ओलाव्यानुसार फुगते व आकसते, तर वरचा थर तसा हलत नाही. परिणामी थर सुटतो, त्यामागे पाणी अडकते आणि आतील लाकूड अधिक वेगाने कुजते. अशा नौकेत आधी तो थर काढणे हेच पहिले काम ठरते.

फायबरग्लासच्या नौका

फायबरग्लास कुजत नाही; परंतु त्याच्या आत मजबुतीसाठी घातलेले प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड कुजते. इंजिनाखालचे लांब आधार, मागची सपाट भिंत आणि डेक या तीन जागी हा दोष अधिक आढळतो. डेकवर कठडे किंवा खुंट्या बसवताना पाडलेली भोके नीट बंद केलेली नसतील तर पाणी तेथूनच आत शिरते. अशा वेळी एका बाजूचा थर कापून काढतात, ओले लाकूड खरवडून टाकतात आणि नवे लाकूड इपॉक्सीने चिकटवून वर पुन्हा थर देतात.

पाण्याखालच्या भागावर येणारे फोड हा दुसरा दोष होय. बाहेरच्या चकचकीत थरातून पाणी सूक्ष्म प्रमाणात आत झिरपते, राळेतील घटकांशी त्याची क्रिया होऊन आम्लधर्मी द्रव तयार होतो आणि फोड उठतो. फोड फोडल्यास व्हिनेगरसारखा वास येतो. उपचार म्हणून वरचा थर काढून तळ धुवावा लागतो व तो पूर्ण वाळू द्यावा लागतो. वाळण्यास कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. या प्रतीक्षेत घाई केल्यास फोड पुन्हा येतात.

इंजिन, इंधन आणि वीज

दीर्घकाळ बंद असलेले इंजिन थेट सुरू केले जात नाही. प्रथम सिलिंडरमध्ये तेल सोडून ते हाताने फिरवून पाहतात. तेल, गाळण्या, पट्टे आणि थंडाव्याचे पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी चक्र बदलतात. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत धूर बाहेर नेणारे ओतीव लोखंडी भाग आतून गंजलेले असतात. ते फुटल्यास पाणी सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन कायमचे निकामी होते.

पेट्रोल इंजिनाच्या नौकेत सर्वांत मोठा धोका स्फोटाचा असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी साचते. मोटारगाडीत गळालेले पेट्रोल रस्त्यावर पडते, नौकेत ते आतच राहते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे हवा बाहेर फेकणारा पंखा चालवण्याचा दंडक आहे. मोटारगाडीचे दिसायला सारखे असणारे स्टार्टर, अल्टरनेटर किंवा कार्ब्युरेटर नौकेत बसवू नयेत, कारण नौकेसाठीचे भाग ठिणगी किंवा इंधन बाहेर पडू नये अशा रीतीने बनवलेले असतात. जुन्या नौकांतील फायबरग्लासच्या इंधनटाक्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे विरघळू लागतात, हेही अलीकडे लक्षात घ्यावे लागते. बंदिस्त केबिनमध्ये धुराच्या नळीतून होणारी कार्बन मोनॉक्साइडची गळती जीवघेणी ठरू शकते. त्यासाठी सूचना देणारे यंत्र बसवतात.

जुने विद्युत तारकाम दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण नव्याने करणे हितावह मानले जाते. त्यासाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा वापरतात. निरनिराळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की त्यांच्यात विद्युतप्रवाह निर्माण होऊन त्यांतील एक धातू झिजतो. ही झीज प्रोपेलर व शाफ्टवर येऊ नये म्हणून जवळच जस्ताचे तुकडे बसवतात. तेच प्रथम झिजतात व ठरावीक काळाने बदलले जातात. गोड्या पाण्यात जस्ताऐवजी मॅग्नेशियम वापरतात.

रंग व वार्निश

जुना रंग खरवडताना विशेष काळजी घ्यावी लागते. पूर्वीच्या रंगांत शिसे असे आणि धुराच्या नळ्यांना अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टण असे. दोहोंची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे. तळावर शेवाळ व शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगात पूर्वी कथिलाची विषारी संयुगे असत. सागरी जीवांवर त्यांचा गंभीर परिणाम दिसून आल्याने आंतरराष्ट्रीय करारान्वये त्यांच्यावर बंदी आली. हा करार २००८ साली अंमलात आला. आज तांबेयुक्त रंग प्रचलित आहेत. महोगनीवर वार्निशचे सहा ते दहा पातळ हात दिले जातात व प्रत्येक हातानंतर घासकाम होते.

पुन्हा पाण्यात उतरवणे

वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली लाकडी नौका पाण्यात उतरताच गळते. ही गळती अपेक्षित असते. लाकूड फुगून सांधे बंद होईपर्यंत तिला क्रेनच्या पट्ट्यांत अडकवून ठेवतात आणि आत पंप चालू ठेवतात. यास काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ लागतो. या काळात नौकेजवळ रात्रंदिवस माणूस असणे आवश्यक असते. इंजिन व शाफ्ट यांची अंतिम जुळणी जमिनीवर करीत नाहीत. नौका पाण्यात एक-दोन दिवस स्थिरावून तिचा तळ मूळ आकारात आल्यावरच ती करतात.

जतन की नूतनीकरण

किती भाग बदलले म्हणजे नौका 'मूळ' राहत नाही, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. ब्रिटनमधील 'नॅशनल हिस्टॉरिक शिप्स' ही संस्था ऐतिहासिक नौकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवते. जतन, पुनरुज्जीवन, पुनर्बांधणी आणि प्रतिकृती यांत फरक करावा, असा या क्षेत्रातील जाणकारांचा आग्रह असतो. अमेरिकेत १९७५ साली स्थापन झालेली 'अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी' जुन्या नौकांची प्रदर्शने भरवते व मूळ स्वरूपाशी असलेली निष्ठा हा निकष मानते. नवा सुरक्षित इंधनपंप बसवणे आणि मूळ दिसणे टिकवणे यांत तडजोड करताना सामान्यतः सुरक्षिततेला झुकते माप दिले जाते. काढलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र व मोजमाप नोंदवून ठेवणे ही चांगल्या कामाची खूण समजली जाते.

डंकर्कच्या नौका

दुसऱ्या महायुद्धात २६ मे ते ४ जून १९४० या काळात फ्रान्समधील डंकर्क येथून ३,३८,२२६ सैनिकांची सुटका करण्यात आली. या मोहिमेत नौदलाच्या जहाजांबरोबर शेकडो खाजगी लहान नौकाही होत्या आणि त्यांत अनेक केबिन क्रूझर होत्या. 'टायटॅनिक' दुर्घटनेतून वाचलेले सर्वांत वरिष्ठ अधिकारी चार्ल्स लाइटोलर यांनी आपल्या 'सनडाउनर' या नौकेतून १ जून १९४० रोजी सुमारे १३० जणांना इंग्लंडला आणले. ही नौका मूळची १९१२ साली बांधलेली नौदलाची वाफेची होडी होती. लाइटोलर यांनी ती विकत घेऊन तिचे सहलीच्या नौकेत रूपांतर केले होते.

युद्धानंतर या नौकांपैकी अनेक नद्यांच्या काठी राहण्याची घरे बनल्या किंवा चिखलात रुतून पडल्या. १९६५ साली, घटनेच्या पंचविसाव्या वर्षी, उरलेल्या काही नौकांनी पुन्हा डंकर्कची यात्रा केली. त्यातून पुढील वर्षी 'असोसिएशन ऑफ डंकर्क लिटल शिप्स' ही संस्था उभी राहिली. या संस्थेमुळे अनेक मोडकळीस आलेल्या नौकांना नवे मालक मिळाले. या नौका शक्य तेव्हा दर पाच वर्षांनी खाडी ओलांडतात. एखादी नौका केवळ संग्रहालयात न ठेवता चालती ठेवण्यामागचा हेतू या परंपरेतून स्पष्ट होतो.

भारताशी संबंध

सागाच्या लाकडाचे टिकाऊपण सांगताना नौकाक्षेत्रात मुंबईत बांधलेल्या 'ट्रिंकोमाली' या जहाजाचे उदाहरण दिले जाते. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेले हे लढाऊ जहाज १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरले. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे त्याचे पुनरुज्जीवन २००१ साली पूर्ण झाले आणि ते आजही तेथे तरंगत आहे. केबिन क्रूझरच्या डेकसाठी साग पसंत केला जातो तो याच गुणामुळे: त्यातील नैसर्गिक तेल ओलावा व कीड यांना रोखते.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद असताना होड्या किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवण्याची व त्याच काळात त्यांची डागडुजी करण्याची प्रथा आहे. पावसाचे पाणी होडीत साचू न देणे हे या प्रथेचे मुख्य सूत्र आहे. केबिन क्रूझरच्या पुनरुज्जीवनातही तेच लागू पडते. नौका पाण्यात उतरल्यावर काम संपत नाही. दरवर्षी तळ तपासणे, जस्ताचे तुकडे बदलणे आणि डेक कोरडा राखणे हे चालू राहिले, तरच केलेले काम टिकते.