पीजचा छोटा प्रक्षेपक

गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात, नडियादजवळ पीज नावाचे गाव आहे. १९७५ मध्ये इथे एक किलोवॉट शक्तीचा दूरचित्रवाणी प्रक्षेपक बसवण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘साइट’ प्रयोग सुरू झाला होता. ‘एटीएस-६’ या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम थेट पोचत होते. त्यांतले मुलांसाठीचे विज्ञान कार्यक्रम ‘इस्रो’च्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार झाले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते.

उपग्रहाकडून थेट चित्र घेण्यासाठी त्या गावांना तीन मीटर व्यासाची जाळीची छत्री लागे. खेड्याची व्यवस्था निराळी होती. अहमदाबादच्या भूकेंद्रात आलेले चित्र पीजला पाठवायचे आणि तिथून साध्या संचांसाठी पुन्हा प्रक्षेपित करायचे. शिवाय अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचा स्टुडिओ खास या जिल्ह्यासाठी गुजराती कार्यक्रम करू लागला. उपग्रह वर्षभराने भारतावरून हलवला गेला, तरी पीज चालूच राहिले.

एवढ्याशा प्रक्षेपकाचे चित्र जाणार तरी किती दूर? इथे वर्गात करण्यासारखे एक गणित आहे. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र गोल. मनोऱ्याच्या उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गमुळाला ३.५७ ने गुणले की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. उंची १०० मीटर धरली तर सुमारे ३६ किलोमीटर. अंतर दुप्पट हवे असेल तर मनोरा चौपट उंच लागेल! वातावरणातल्या वक्रीभवनामुळे आणि घरावरच्या अँटेनाच्या उंचीमुळे थोडी भर पडते. शक्ती वाढवली की चित्र ठळक होते, पण क्षितिज काही फारसे मागे सरकत नाही. आपल्या गावाभोवती नकाशावर असे वर्तुळ काढून पाहा. किती तालुके त्यात येतात?

खेड्याच्या सपाट मुलखात एवढे वर्तुळ पुरेसे होते. सुमारे ४०० गावांत मिळून सुमारे ६५० सार्वजनिक संच ठेवले होते, अनेक ठिकाणी दूध सोसायटीच्या इमारतीत. कार्यक्रमांत गावातलीच माणसे काम करीत. शेतमजुरांची मजुरी, अस्पृश्यता, हुंडा हे विषय आडवळणाने न येता सरळ येत. ‘दाद-फरियाद’मध्ये गावकरी तक्रार मांडत आणि संबंधित अधिकाऱ्याला तिचे उत्तर द्यावे लागे. आमच्या मते लहान वर्तुळाचा खरा उपयोग हाच. तक्रार करणारा, उत्तर देणारा आणि ऐकणारा शेजारी, तिघेही त्याच परिघात राहत होते. कोणाचे काय चुकले हे पाहणाऱ्यांना ठाऊक असे.

१९८४ च्या सुमारास दूरदर्शनने देशभर झपाट्याने लघुशक्ती केंद्रे उभारली. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत घराघरांवर अँटेना दिसू लागल्या त्या तेव्हाच. त्यातली बहुतेक केंद्रे १०० वॉटची, म्हणजे पीजच्या दहाव्या हिश्शाची. पण फरक केवळ वॉटचा नव्हता. त्यांना स्टुडिओच नव्हता; दुसरीकडून आलेले पुढे पाठवायचे, एवढेच त्यांचे काम.

त्याच १९८४ मध्ये खेडा प्रकल्पाला ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी पीज बंद झाले. अहमदाबादला जास्त शक्तीचा प्रक्षेपक आला होता आणि त्याचे चित्र खेड्यात पोचत होते. मग तिथे दुसरा कशाला, असा हिशेब झाला. अभियंत्याच्या वहीत तो बरोबरच होता. पीजचा प्रक्षेपक मद्रासला दुसऱ्या वाहिनीसाठी हलवायचे ठरले, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. संच तर त्यांचे चालूच राहणार होते, चित्रही आधीपेक्षा ठळक दिसणार होते. भांडण होते ते ‘दाद-फरियाद’सारख्या कार्यक्रमांसाठी, आणि ते काही परत सुरू झाले नाहीत.