कापसाची धूळ आणि सोमवार

वाटूर हें गांव जालना-मंठा रस्त्यावरील कापसाच्या मुलखांतलें. वेचणी सुरू झाली कीं कापसाबरोबर वाळलेल्या पानांचा चुराही घरांत येतो. नाक चोंदतें, शिंका येतात, आणि आपण तें विसरून जातों. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून मोठे कण बहुधा नाकांत व घशांतच अडकतात, हें खरें. परंतु या पहारेकऱ्यावर कितपत विसंबावें, हा प्रश्न जुना आहे.

इ. स. १७०० मध्यें इटलींतील रामाझिनी या वैद्यानें धान्य चाळणारे व ताग विंचरणारे यांच्या खोकल्याविषयीं लिहिलें. १८७० मध्यें लंडनला टिंडाल या शास्त्रज्ञानें प्रखर प्रकाशझोतांत श्वास सोडून दाखविला. उच्छ्वासाच्या अखेरच्या भागांत धूळ दिसेना. ती छातींतच राहिली होती! उपाय म्हणून त्यानें कापसांतून श्वास घेण्यास सुचविलें. तोच कापूस गिरणींत छातीचा वैरी ठरावा, हा दैवदुर्विलासच. १८७७ मध्यें डॉ. आद्रियां प्रूस्त (प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकाराचे हे वडील) यांनीं त्या विकारास ‘बिसिनोसिस’ हें नांव दिलें.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ सालीं स्थापन झाली. गिरणींत सर्वांत दाट धूळ कापूस मोकळा करण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत. तेथील कण पुष्कळसे जाड. पण पानांच्या चुऱ्यास चिकटलेल्या जंतूंचें विष श्वासनलिका आंवळतें, त्यास फुप्फुसाच्या तळापर्यंत जावें लागत नाहीं. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीं छाती भरून येते, मंगळवारीं उतार पडतो. कांहीं वर्षांनीं सारेच वार सारखे होतात. क्ष-किरणांच्या चित्रांत या रोगाची स्वतंत्र खूण उमटत नाहीं. तेव्हां दमा कीं गिरणीचा रोग, हें ठरविण्यास कामगाराचा सोमवार हाच मोठा पुरावा.

आणि सोमवार निराळा होण्यास रविवार हवा! नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं साप्ताहिक सुटी मान्य केली. ही गोष्ट आपण कामगार-चळवळीच्या इतिहासांत वाचतों. माझ्या मतें ती वैद्यकाच्या इतिहासांतही लिहावयास हवी.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टांत हा रोग होता. तो आढळल्यास सरकारास कळविणें बंधनकारक आहे. पण १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर एकेक करून बहुतेक गिरण्या बंद पडल्या. पिंजण्याच्या खात्यांत आयुष्य घालविलेल्या ज्या कामगारांची छाती कायमची आंवळली होती, त्यांच्याजवळ डॉक्टरांस सांगावयास सोमवार उरला नाहीं.